दादाची शेखी

मी एम.ए. झालो त्या दिवशी माझ्या थोरल्या भावानं मिलमध्ये पेढे वाटले. विणाई खात्यात एकेका मागापाशी जाऊन, "माहा भाऊ एम.ए. झाला जी," असं सांगत. नसते वाटले तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी मनात आलं. पण त्याला दोष तरी कोणत्या तोंडानं देऊ?

बाप गेला तेव्हा मी पहिलीत होतो आणि दादा मॅट्रिकला. परीक्षा सोडून तो रामटेककडच्या आमच्या गावाहून नागपूरला आला, मिलमध्ये लागला, आणि मलाही आणून इथल्या शाळेत घातलं. त्याचं एकच म्हणणं असे, "मी मागावर गेलो, तू जायचं नाही." त्यासाठीच तो जगत होता म्हटलं तरी चालेल. निकालाच्या दिवशी वहिनीनं मला पाटावर बसवून ओवाळलं आणि शेजारच्या चार बायकांना मुद्दाम बोलावून आणलं.

मग तीन वर्षं मी नोकरीसाठी नागपूर पालथं घातलं. रामदासपेठेतल्या ऑफिसांत विचारत, टायपिंग येतं का? शाळांत विचारत, कोणाकडून आलात? धरमपेठेत एका बंगल्यात शिकवणी मिळाली, तीही पोरगा नापास झाल्यावर सुटली. माझा विषय इतिहास. मेलेल्या राजांच्या सगळ्या वंशावळी मला तोंडपाठ होत्या आणि जेवत होतो भावाच्या जिवावर. सत्तरच्या दशकात असे एम.ए. गल्लोगल्ली होते, त्यामुळे कोणाला त्याचं विशेष वाटत नसे.

तशात दादाची छाती बिघडली. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून काढायचं, अशी तेव्हा रीत होती. सुताबरोबर कापसाची तूसही आत जायची. दादानं वर्षानुवर्षं ती ओढली होती. डॉक्टरनं खात्यात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं.

आजारी माणसाच्या जागी घरचा माणूस घ्यायची मिलमध्ये पद्धत होती. घरात दादाची दोन लहान मुलं, वहिनी आणि मी. म्हणजे जायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. अडचण वेगळीच होती. जास्त शिकलेला मजूर मिलला चालत नसे. तो टिकत नाही, आणि टिकला तर बाकीच्यांना कायदे शिकवतो, असं वरच्यांचं मत होतं. माझ्याजवळ शाळेचा सातवीचा दाखला होता, तेवढाच दाखवता आला असता. पण पेढे तर सगळ्यांनीच खाल्ले होते.

पाळी सुटायच्या वेळी दादा मला घेऊन फाटकापाशी उभा राहिला. माणसं नेमणारा जॉबर बाहेर आला, मागोमाग खात्यातले लोक आले. माझ्याकडे पाहून जॉबर म्हणाला, "हा त एम.ए. आहे ना गा? साहेबाले समजलं त माही नोकरी जाईन."

दादा हसला. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

"कायचा एम.ए. जी! मॅट्रिकमंदी दोनदा गचकला. तुमच्यासमोर शेखी मिरवून राहिलो होतो मी."

"अन् पेढे?" मागून कोणी तरी विचारलं.

"पेढे त गोडच होते ना बापा!"

सगळे खो खो हसले. कोणी त्याच्या पाठीत थाप मारली, कोणी लबाड म्हणालं. दादाला खोकल्याची उबळ आली, तरी तो हसतच होता. जॉबरनं मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

सायकल हातात धरून आम्ही चालत घरी निघालो. मी म्हणालो, "दादा, असं काहून म्हटलं तू?"

"मंग काय म्हणू? पोट्टे काय खातीन?" थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "तू एम.ए. झाला. थे कोणी काढून घेते का?"

त्याचा आवाज फाटला होता. घरी आल्यावर त्यानं काळा झगा घातलेला माझा पदवीचा फोटो स्वतःच भिंतीवरून उतरवला आणि पेटीत कपड्यांखाली ठेवला. मिलमधलं कोणी घरी आलं तर दिसायला नको. मग मला समोर बसवून धोट्यातून सूत कसं ओढायचं ते शिकवलं. जीभ मागे घे म्हणाला, म्हणजे तूस कमी जाते.

खात्यात मला सगळे "एम.ए." म्हणूनच हाक मारू लागले. "ओ एम.ए., कांडी दे!" आणि हशा. इंग्रजी नोटीस लागली की कारकून मला तिचा अर्थ सांगे, बहुतेक वेळा चुकीचा, आणि मी मान डोलवी. त्याचं मला काही वाटत नसे. पण ते हसत होते दादाला, ते झोंबायचं. घरी तो विचारी, "खात्यात माही आठवण काढतात का गा?" मी सांगे, "रोज काढतात." ते खोटंही नव्हतं.

वर्षभरानं दादा गेला. तिसऱ्या दिवशी जॉबर भेटायला आला. मी सतरंजी टाकली. वहिनी आतल्या दाराशी, मुलांना जवळ घेऊन बसली होती. जॉबरचे डोळे खरोखर भरून आले होते.

"सोन्यासारखा माणूस होता," तो मला म्हणाला. "एकच खोड होती गा, थापा मारायची. तुले एम.ए. करून टाकलं होतं त्यानं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. गेली नोकरी तर जाऊ दे, असं मनाशी म्हणत मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात दाराशी बसलेल्या वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"हो जी. खोड होती त्याईले."