सरोजा शेतकी कॉलेजात जाते

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पुण्याची एसटी मुळशीला आली, ड्रायव्हरनं मॅट्रिकच्या निकालाचं वर्तमानपत्र आमच्या कॉलनीच्या फाटकात टाकलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मी सातवी शिकलेली बाई, लिहायची सवय माहेरी पत्र पाठवण्यापुरती. पण धरणाच्या कॉलनीत बिऱ्हाडाला बिऱ्हाड चिकटलेलं, मधल्या भिंती पातळ आणि दुपारी नवरे कामावर. किस्से साठणार नाहीत तर काय होईल? बरणी भरली की कुणाला तरी वाढावेच लागतात.

शेजारचं बिऱ्हाड नंजप्पांचं. शिमोग्याकडच्या खेड्यातले. भाताच्या चिखलातून सुटायचं म्हणून एवढ्या लांब धरणावर फिटर होऊन आलेले. बायको गौरक्का आणि एकुलती एक सरोजा. त्या दिवशी सरोजा फर्स्ट क्लासात पास झाली. नंजप्पांनी कॉफी ओतता ओतता विचारलं, पुढं काय, डॉक्टर का मास्तरीण? ती म्हणाली, "शेतकी कॉलेज."

गौरक्काला तो शब्द कळेना. ती माझ्याकडं बघायला लागली. आता काय सांगावं? मी पदर खोचला, कमरेत वाकले आणि तिथंच फरशीवर भात लावून दाखवला. गौरक्का मटकन खाली बसली.

नंजप्पांचं मराठी वर्कशॉपात शिकलेलं, त्यात अख्खं जग पुल्लिंगी. ते मला म्हणाले, "वैनी, मी चिखलातून भायेर आला. आता माझा मुलगी फी भरून चिखलात जानार?"

* * *

मी यात कशी पडले ते सांगते. गौरक्का मला 'तंगी' म्हणते. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. एकदा माझ्या सासूबाई राहायला आल्या होत्या. गौरक्कानं ओट्यावरून नेहमीसारखी हाक मारली, तंगी, ए तंगी! सासूबाईंनी मला आत ओढलं आणि हळूच विचारलं, "घरात तंगी आहे हे शेजारणीनं ओरडून सांगायची वेळ आली का गं?"

तर धाकटी बहीण म्हटल्यावर मावशीपण आलंच. सरोजा दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, मावशी, अर्जाची मुदत संपायच्या आत तू आईला राजी कर, अण्णा तिच्या शब्दाबाहेर नाहीत. मी हो म्हटलं. माझी बेबी तेव्हा दोन वर्षांची. ती शिंकली तरी मला रात्रभर झोप नसायची, आणि मी दुसऱ्यांना धीर द्यायला निघाले.

* * *

पहिली युक्ती म्हणजे सरोजाच्या शाळेच्या हेडमास्तरांना बोलावणं. पौडाहून खास आले बिचारे. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर टेकले नाहीत तोच गौरक्का आतून दारात आली, हात जोडले आणि म्हणाली, "ऊटा."

हेडमास्तर उठले.

ते उठलेले बघून गौरक्का खूश झाली. दारातून बाजूला सरून आणखी आग्रहानं म्हणाली, "ऊटा, ऊटा." हेडमास्तरांनी टोपी घातली, मला नमस्कार केला आणि चालते झाले. गौरक्का रडकुंडीला आली. आत केळीचं पान मांडलेलं, वरण निवत चाललेलं. तेवढ्यात सरोजा आली, तिनं उलगडा केला. कानडीत ऊटा म्हणजे जेवण!

बेबीला काखोटीला मारून मी एसटीच्या थांब्यापर्यंत पळाले. धापा टाकत म्हटलं, सर, उठा म्हणजे जेवा. ते माझ्याकडं बघतच राहिले. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

शेवटी परत आले, पोटभर जेवले, तिसऱ्यांदा भात घेतला. हात धुऊन तृप्त चेहऱ्यानं नंजप्पांच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हाताला काय चव आहे हो यांच्या! मुलीला यांच्याजवळच ठेवा."

* * *

मग मी तान्हाबाईला गाठलं. ही आमच्याकडं दूध घालायला येते, खाली तिची आंबेमोहराची खाचरं आहेत. सरोजा सुट्टीत तिच्याच बांधावर बसलेली असायची. म्हटलं, गौरक्काला दोन शब्द सांग. तान्हाबाई आधी मलाच हसली. शेती शिकायला कालेज, मग माझ्या म्हशीला बी बसवा की बाकावर, म्हणाली.

पण गौरक्कापुढं बसल्यावर तिचा सूर बदलला. "तुजी पोर मला इचारती, पेरायच्या आदी वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब का भाजायचा? म्या म्हनलं, सासू भाजायची म्हून. सासूला म्या इचारलं व्हतं, ती म्हनली, तिची सासू भाजायची. आता समद्या सासवा गेल्या. कालेजात कुनाला ठावं आसंल तर जाऊ दे की तिला."

गौरक्का हसली, आणि त्या हसण्यातच तिच्या तोंडून खरं कारण निसटलं. मोडक्या मराठीत म्हणाली, "मामा येतो. लग्न."

आम्ही दोघी हरखलो. आमच्याकडं बोहल्यावर मामा मुलीच्या पाठीशी उभा राहतो, तेव्हा मामा तर हवाच. तान्हाबाईनं विचारलं, नवरा कोण? गौरक्का म्हणाली, मामा. तसं नव्हं, नवरा कोण? मामा. मग संध्याकाळी नंजप्पांनी फोड करून सांगितलं. त्यांच्यात बहिणीच्या मुलीवर मामाचाच हक्क. गौरक्काचा धाकटा भाऊ रुद्रप्पा गावाकडं भात आणि सुपारीची बाग बघतो, त्यालाच सरोजा द्यायचा शब्द होता.

संध्याकाळचं दूध घालायला आलेली तान्हाबाई माप हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "मंग पाठीशी कोन हुबं ऱ्हानार?"

सरोजाला विचारलं, तर ती म्हणाली, "मामा खूप चांगलाय गं मावशी. पण मामाच आहे."

* * *

मामा यायच्या आधी पुण्याला जाऊन नुसतं हॉस्टेल तरी बघून येऊ, एवढ्यावर गौरक्काला आणलं. बावधनच्या उतारावर बेबीला उलटी झाली, तेव्हापासूनच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रेक्टरबाईंनी विचारलं, काही शंका आहे का? गौरक्कानं कॉफी मिळते का एवढंच विचारलं. मग मी सुरू झाले. विहिरीला कठडा आहे का? रात्री कडी कोण लावतं? ताप आला तर कपाळावर पट्टी कोण ठेवतं? जिन्याच्या गजांत डोकं तर अडकत नाही?

रेक्टरबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी कुठल्या वर्गात आहे?"

म्हटलं, "दोन वर्षांची आहे. ही काय, माती खातेय."

रेक्टरबाईंनी बेबीच्या तोंडातलं ढेकूळ काढलं आणि म्हणाल्या, "ही पण शेतकीचीच."

परतताना गौरक्कानं गाडीत माझा हात धरला. हॉस्टेल चांगला, तंगी सगळा विचारली, म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण भावाला काय सांगू?"

* * *

रुद्रप्पा आला तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता. उंचापुरा, लाजाळू, बहिणीसाठी सुपाऱ्यांची पिशवी घेऊन आलेला. जेवताना गौरक्कानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शेवटचा घास घेतला. उठला आणि सरोजाला म्हणाला, चल, तुमचं भात दाखव. दोघं तान्हाबाईच्या खाचराकडं गेली. आम्ही सगळ्या ओट्यावर.

सरोजानं एक रोप उपटलं, मुळं त्याच्या नाकापुढं धरली आणि बोलायला लागली. तो मान हलवत होता. मग त्यानं काहीतरी सांगितलं, ती नाही नाही म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं, ती पुन्हा नाही म्हणाली. सुपारीचं चाललं असावं, कारण त्यानं हात उंच करून झाड दाखवलं आणि तिनं तो हात धरून खाली आणला. दिवे लागेपर्यंत हेच.

परत आला तो घामाघूम. भांडंभर पाणी प्यायला आणि बहिणीशी कानडीत भडाभडा बोलला. गौरक्कानं आधी पदर डोळ्याला लावला, मग तोंडाला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. म्हटलं, नंजप्पा, काय म्हणतात हो ते?

नंजप्पा म्हणाले, "तो म्हन्तो, सरोजा उद्याच कॉलेजात जाऊ दे. पन त्याला बायको पायजे. स्वैपाक येनारा, गाना येनारा, आनि शेतीतला काय पन न कळनारा. तुमच्या माहेराकडं बघा, वैनी. समद्यांना सांगून ठेवा."