पऱ्हाटीचं पिवळं फूल

लेकीच्या नव्या रंगखडूंचा मेणकट वास आला आणि मी वर्ध्याच्या त्या खाजगी शाळेत, पाचवीच्या वर्गात जाऊन बसले. मी कपाशीचं फूल पिवळं रंगवलं होतं.

"कापूस पांढरा असतो. खोड ते," मॅडम म्हणाल्या.

मी खोडलं नाही. संध्याकाळी आमच्या वावरातून फूल तोडून आणलं. सकाळी वर्गात दाखवायला काढलं, तर ते गुलाबी झालेलं. वर्ग खो-खो हसला.

"काल पिवळंच होतं, मॅडम! पऱ्हाटीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तुमाले मालूम नाई काय?"

मॅडमनी खोडरबर पुढे सरकवला. मी गुलाबी खडू उचलला आणि पिवळ्याशेजारी दुसरं फूल काढलं. शून्य मिळालं.

मॅडमनी पऱ्हाटी कधी जवळून पाहिलीच नसेल, हे आता कळतं. तरी आजही मी खोडणार नाही.