बिब्बा ठोकलेला भोपळा

बायाक्का, तुला न विचारता तुझ्यावर लिहितेय. राग आला तर सरळ येऊन भांड. त्या दिवशीची तुझी किंकाळी मी भिंतीपलीकडून ऐकली. लोकांना कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

हिंडलग्याच्या बायाक्कानं तीस वर्षं शहापुरात मागावर साड्या विणल्या. एकीवरही तिचं नाव आलं नाही. खोक्यावर नाव दुकानाचं. माग बंद पडला आणि ती परसात उतरली. भाची सौम्यानं बेंगळुरूहून राक्षसी भोपळ्याच्या बिया पाठवल्या. बायाक्कानं सकाळी सकाळी स्वतः नर फूल मादी फुलाला लावलं आणि मधमाशी शिरू नये म्हणून ते धाग्यानं बांधून टाकलं. वेलावर एकच फळ ठेवलं, बाकीची खुडली. चार महिन्यांत त्याला आम्ही दोघींनी दोन बाजूंनी कवेत घेतलं तर हात जेमतेम भिडत.

बेळगावच्या फळाफुलांच्या प्रदर्शनात वजन करून फळाशेजारी पाटी लावतात: पिकवणाऱ्याचं नाव, इतके किलो. त्या पाटीत तिचा जीव अडकलेला.

प्रदर्शनाला आठवडा उरला असताना कणकुंबीला दिलेल्या लेकीला टायफॉइड झाला. बायाक्का तिकडं धावली. राखणीला धाकटा भाऊ नागोजी.

सहाव्या दिवशी ती परतली, तर नागोजी दारातच हसत उभा.

"आक्का, काळजी मिटली बघ. फोटो काढाय लई माणसं यायलीत. दृष्ट लागंल म्हणून बिब्बा ठोकला."

"कुठं? चौकटीला?"

"चौकटीला कशाला? भोपळ्यालाच की! तीन इंची खिळ्यानं. भक्कम बसलाय."

बायाक्का किंचाळली ती तेव्हा. पिशवी तिथंच टाकून परसात पळाली. देठाजवळ काळा बिब्बा, भोवती पांढरा फेस, आंबूस वास. तिनं शेजारी अंगठा दाबला, तो सरळ आत गेला.

"नागोजी! चौकट हाय व्हय रं ती? जिता जीव हाय!"

प्रदर्शनाच्या अर्जावर कानडीत स्वच्छ लिहिलं होतं, भोक पडलेलं फळ घेणार नाही. नागोजीला कानडी वाचता येतं. पण वाचतो कोण?

"मेणानं बुजवू का, आक्का?"

"आदी तोंड बुजव तुजं."

तो गेला. पुढं कितीतरी दिवस फिरकला नाही.

संध्याकाळी बायाक्का भिंतीशी आली. रडली नव्हती, आवाज मात्र पार बसलेला.

"बाई, पाटी ऱ्हाऊ दे. वजन तरी कळू दे मला. तुमच्या पुतण्याच्या गुळाच्या वखारीत मोठा काटा हाय, तेवढा मागवा की. भोपळा जिता हाय तवर एकदा चढवू."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोपळा एका अंगानं खचला आणि त्याचं पाणी बुडाखाली पसरलेल्या वाळूत मुरत गेलं. पुतण्याला फोन करायचा राहिला, तो राहिलाच.