बैलाचं पान

सिद्धेश्वरावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण मध्यंतरी ती जरा डगमगली. माझे बाबा ऐंशीच्या पुढे गेले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला: जन्मदात्याचं नाव कळायला हवं. माझी आजी तान्ह्या बाबांना घेऊन मैंदर्गीला आली आणि तिथल्या एका मेंढपाळाशी तिचा पाट लागला. तेच आमचे अण्णा. त्यांनी बाबांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. पहिल्या नवऱ्याचं नाव आजीनं जुन्या रीतीप्रमाणे कधी घेतलं नाही, आणि अण्णांना विचारायची बाबांची छाती झाली नाही. दोघंही गेले. मागे राहिली ती अण्णांची एक गमतीदार रीत. पितृपक्षात म्हाळ घालताना ते पितरांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढायचे. कुणाचं, ते सांगायचे नाहीत. त्यांचा लाडका बैल मेला होता, म्हणून बाबांनी लहानपणीच ठरवून टाकलं की ते बैलाचं. पोरवयात सोलापूरच्या गिरणीत आल्यावरही त्यांनी रीत मोडली नाही. मीही दरवर्षी बैलासाठी खीर-वडे वाढत आले.

बाबांना घेऊन मी मैंदर्गीला गेले. शाळेचा दाखला, जमिनीचे जुने कागद, सगळीकडे अण्णांचंच नाव. कारकून भला माणूस. म्हणाला, "मॅडम, वडलांचं नाव हितं स्पष्ट हाय की. अजून कुठलं पायजे?" बाबा हसले, पण परतीच्या एसटीत तो दाखला पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. मैंदर्गीतल्या जुन्या, बंद घराच्या शेजाऱ्याकडे आमचा पत्ता तेवढा ठेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन मी सिद्धेश्वराशी चक्क भांडले. म्हटलं, माझ्याच्यानं झालं तेवढं केलं, आता तू आणि तुझं हे म्हातारं लेकरू काय ते बघून घ्या. आणि विषय खरंच सोडला.

श्रावणातल्या एका सोमवारी मोटारसायकलवरून एक फेटेवाला दारात उतरला. हेळवी होता. आमच्या भागात घराघराच्या पिढ्या सांभाळणारे हे लोक पूर्वी बैलावर बसून यायचे, दारापुढं उभं राहून पूर्वजांची नावं म्हणायचे आणि सूपभर ज्वारी घेऊन जायचे. तो म्हणाला, "मैंदर्गीत दर खेपेला तुमचं दार बंद. औंदा शेजाऱ्यानं पत्ता दिला. ह्या घरात दोन घराणी ऐकवायची हायत, माझ्या आज्ज्यानं तसा शब्द दिलाय."

मी सूप भरलं. त्यानं एका दमात अण्णांच्या पिढ्या म्हटल्या, पाणी प्याला आणि दुसऱ्या सुरू केल्या. शेवटी आला दुधनीचा मायाप्पा, बाबा जन्मायच्या आधीच तापानं गेलेला.

"तुमचे अण्णा अन् मायाप्पा संगं मेंढरं चारायचे. अण्णा माझ्या आज्ज्याला म्हनले, पोरगं माझ्या घरात लिव, पर त्याच्या बापाचं नाव पुसू नगं. मी दरसाल म्हाळाला त्याला पान वाढतो. पोरगं जाणतं झालं की ऐकव. तवर तुमी गिरणीत आला."

बाबा आधी रडले, मग डोळे पुसता पुसता हसायला लागले. "म्हंजे इतकी वर्षं मी माझ्या बापाला बैल म्हनत हुतो की गं."

यंदा म्हाळाला बाबांनी स्वतः गच्चीवर दोन पानं मांडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "मायाप्पा, जेवायला ये." कावळा आला तो थेट दुसऱ्या पानावर. बाबा खूश. म्हणाले, "बघ, अण्णानं पाव्हण्याला आधी बसवला."

कुणी याला योगायोग म्हणावं, मी वाद घालत नाही. माझं मन मात्र कृतज्ञतेनं भरून आलं आहे. मी देवाकडे भांडून नाव मागत होते, आणि त्या नावाच्या माणसाला तो कधीपासून माझ्याच हातचं जेवू घालत होता. तेव्हापासून देवळात गेले की मी नुसती हात जोडून उभी राहते. काय द्यायचं, ते त्याला ठाऊक आहे.