काळ्याचा शेवट

काळा कोणालाच नको असायचा. शेठच्या दुकानामागच्या खोलीत गेमचं मशीन होतं आणि त्यात मारामारीचा एकच खेळ होता. रुपयाचं नाणं टाकलं की पडद्यावर दोन योद्धे उभे राहायचे, एक पांढऱ्या कपड्यांतला, एक काळ्या. जो आधी पुढे घुसेल तो पांढरा घ्यायचा आणि मागे राहील त्याच्या गळ्यात काळा. मी मुलगी, धक्काबुक्कीत मागेच राहायची, त्यामुळे माझ्या वाट्याला कायम काळाच.

ही धुळ्यातली गोष्ट, नव्वद सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. शेठचं पुढे कटपीसचं दुकान होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, म्हणून मला मागच्या खोलीत जायला आडकाठी नव्हती. एरवी पोरीच्या जातीने गेम खेळायचा म्हणजे गल्लीला महिनाभर पुरेल एवढा विषय झाला असता. मी जायची, खेळायची आणि भांडायची. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असतो, मग काय करू?

भांडणाचं मूळ त्या खेळाच्या सुरुवातीच्या चित्रात होतं. नाणं टाकायच्या आधी ते आपोआप चालू राहायचं. एक झोपडी जळते आहे. उंबऱ्यावर एक दाढीवाला म्हातारा पडला आहे, तो दोघांचा गुरू. काळा हातात गुरूची तलवार घेऊन लांब पळतो आहे. तेवढ्यात पांढरा येतो, गुरूजवळ गुडघे टेकतो, आणि ताडकन उठून काळ्याच्या मागे धावतो. खाली इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं, पण ते वाचायच्या आत निघून जायचं. शेठने सगळ्यांना अर्थ सांगून टाकला होता, "काळ्याने गुरूला मारलं, तलवार चोरली, झोपडी पेटवली. एक नंबरचा बदमाश आहे तो." झालं, निकाल लागला. खोलीतली दहा-बारा पोरं हेच घोकायची आणि काळ्याला बडवताना "घे चोरा, घे खुन्या" असं ओरडायची. काळा मी चालवत असल्यामुळे त्या शिव्या पडायच्या माझ्याच अंगावर.

एक दिवस मी चिडले आणि म्हटलं, "मारताना पाहिलं का कोणी त्याला? पळताना पाहिलं. पळणं म्हणजे मारणं झालं का?"

"मग पळाला कशाला?" पोरांनी विचारलं.

"ते त्याला विचारा."

सगळे खो खो हसले. पण त्या खेळात विचारायची सोय होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. एकाच योद्ध्याने ओळीने सगळ्या शत्रूंना हरवलं की शेवटी त्याची गोष्ट पडद्यावर यायची. पांढऱ्याचा शेवट सगळ्यांना पाठ होता. तो डोंगरावर उभा, हातात तलवार, मागे सूर्य उगवतोय. काळ्याचा शेवट मात्र कोणीच पाहिला नव्हता, कारण चोराला घेऊन शेवटपर्यंत खेळणार कोण? मी भर खोलीत सांगितलं, मी खेळणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण बोलून गेले ते गेले.

एका खेळातल्या चोरासाठी एवढं पेटून उठायचं कारण आमच्या घरात होतं. आमच्या घरातही एक काळा होता, माझा काका.

आबा, म्हणजे माझे आजोबा, असोद्याला राहायचे. धाकटा काका आणि काकू त्यांच्याजवळ शेती बघायचे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, इथे धुळ्यात सरकारी कचेरीत कारकून. शेवटचे आठ महिने आबा लकव्याने अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं काकाच करायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आबा गेले. आखाजीला आमच्या खान्देशात पत्ते खेळायला कोणी कोणाला अडवत नाही, म्हातारेकोतारेही डाव मांडून बसतात. आबांनी प्राण सोडला तेव्हा काका पारावर पत्ते खेळत होता. नाना धुळ्याहून पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्याला भरल्या पंगतीत नाना गरजले, "बाप पाण्यावाचून मेला आणि हा पत्ते कुटत बसला होता!" काकाने तोंडातून ब्र काढला नाही. महिन्याभरात तो काकूला घेऊन दोंडाईचाला निघून गेला आणि तिथे मिरचीच्या वखारीत कामाला लागला. त्याला तीन वर्षं झाली होती. आमच्या घरात त्याचं नावही निघत नव्हतं.

आता ताईचं लग्न ठरलं होतं, आखाजीनंतर आठ दिवसांनी. माझ्या जन्मानंतर आई वर्षभर आजारी होती, तेव्हा ताईला काकूने असोद्याला नेऊन सांभाळलं होतं. काकूला मूलबाळ नव्हतं, तिने ताईला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ताईचं एकच मागणं होतं की पहिली हळद काकूने लावावी. नानांनी पत्रिका छापून आणली, ताईने ती खालपर्यंत वाचली आणि आत जाऊन दळण निवडायला बसली. पत्रिकेत काकाचं नाव नव्हतं. त्या पत्रिकेपायी मी नानांशी दोन दिवस बोलले नाही, आणि मी दोन दिवस गप्प बसते म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

काळ्याचा शेवट मी पाहिला तो परीक्षा संपल्यावर, भर दुपारी. शेवटचा शत्रू पडला तेव्हा बोटांना फोड आले होते आणि शेठसुद्धा गिऱ्हाईक सोडून मागे येऊन उभे होते. पडद्यावर पुन्हा तीच झोपडी आली, पण न जळलेली. आत आजारी गुरू अंथरुणावर बसला होता. त्याने आपल्या हाताने तलवार काळ्याला दिली आणि दाराकडे बोट दाखवलं. काळा निघाला. निघताना गुरूच्या उशाशी दिवा तसाच जळत ठेवून गेला. मग दिवा कलंडला.

एक पोरगा म्हणाला, "आयला, त्याने मारलंच नव्हतं."

"मारलं नव्हतं," मी म्हटलं, "पण आजारी म्हाताऱ्याला पेटता दिवा ठेवून एकटं टाकून गेला. तलवारीपुढे त्याला दुसरं काही दिसलं नाही. तो काही साधुसंत नाही. आणि तुमचा पांढरा? झोपडी जळतेय, गुरू उंबऱ्यावर पडलाय, आणि हा तलवारीमागे धावतोय! अरे मेल्या, आधी म्हाताऱ्याला बाहेर ओढ, बादलीभर पाणी मार! गुरू जिवंत होता का मेला, ते तरी त्याने नीट पाहिलं का?"

सुरुवातीचं ते चित्र आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी पांढऱ्याची ही चूक कोणालाच दिसली नव्हती. त्याचं गुरूवर प्रेम होतं, खोटं नाही. पण त्याला राग आला आणि राग आल्यावर दुसऱ्याला दोषी धरणं सोपं गेलं. दुसऱ्या दिवसापासून पोरांना काळाच हवा झाला. वारा येईल तशी पाठ द्यायची, दुसरं काय!

मी मात्र ठरवून टाकलं होतं. काळा चोर नव्हता, तसा माझा काकाही नसणार. तो पत्ते खेळत नसेलच, कोणीतरी उठवलेली आवई असेल. मी जाऊन विचारणार, तो खरं सांगणार, मी नानांना आणून ऐकवणार आणि ताईला काकूची हळद लागणार. एवढं सरळ सगळं माझ्या डोक्यात होतं.

दोंडाईचाच्या वाटेवर माझ्या मामाचं गाव. सुट्टीत मी एकटी एसटीने तिथे जायची, मामा फाट्यावर घ्यायला यायचा. या वेळी फाटा आला तशी मी सीटवर खाली वाकले. मामा बाहेर माझ्या नावाने हाका मारतोय आणि मी चप्पल शोधल्याचं सोंग करतेय. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "एकलीच शे का व माय?" मी म्हटलं, "काका शे ना तिकडे." कंडक्टरकडून पुढचं तिकीट घेतलं, उतरायचा विचार मनात आला नाही.

वखार शोधायला वेळ लागला नाही. नाक धरून मिरचीच्या ठसक्यामागे चालत गेलं की झालं. काका पोत्यांना शिवण घालत होता. मला पाहून त्याच्या हातातला दाभण खाली पडला. "कोणी गेलं का घरात?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"कोणी नाही गेलं. मी विचारायला आले. आबा गेले तेव्हा तुम्ही पत्ते खेळत होता का?"

तीन वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने मला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "हो. खेळत होतो. तुझा बाप खोटं नाही बोलला, पोरी."

एवढ्या मोठ्या तोंडाने मी आले होते आणि याने एका वाक्यात सगळं कबूल केलं. मी रागाने म्हटलं, "का पण?"

तो सुतळी गुंडाळत सांगू लागला. लकव्यानंतर आबांना माणूस ओळखू येईना. आठ महिने काकाने त्यांना भरवलं, हागलं-मुतलं काढलं, आणि आबा त्याच्याकडे बघून विचारायचे, "मोठ्या, तू आलास?" मोठ्या म्हणजे नाना. काका म्हणायचा, "नाही आबा, मी धाकला." मग आबा तोंड भिंतीकडे करायचे. आखाजीच्या दिवशी तर त्यांनी हद्द केली. सकाळपासून काकाच्या हातचं पाणी पिईनात. "मोठ्या आला की पिईन," एवढंच म्हणत राहिले. काकाने तीनदा भांडं ओठांना लावलं, तीनदा आबांनी ते हाताने उडवून दिलं.

"मग मी डोक्यात राख घालून घेतली," काका म्हणाला. "म्हटलं, बस तुझ्या मोठ्याची वाट बघत. आणि गेलो पारावर. चार डाव झाले असतील. मी जायला नको होतं. ते माझंच पाप हाये, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. तेव्हापासून पत्त्याला हात लावला नाही."

"हे तुम्ही तेराव्याला का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी? तुझ्या बापाने निकालच दिला. मग मीही म्हटलं, नाही सांगत जा. कळू नये त्याला की आबा त्याच्या नावाने झुरले. तेवढं एक माझ्याजवळ राहू दे."

काका असा वाईट वागला होता आणि वर तीन वर्षं कुढत बसला होता, आणि मला त्याची इतकी माया आली की मी त्याच्या मिरचीने माखलेल्या बंडीत तोंड खुपसून रडले. डोळे दोन दिवस चुरचुरत होते.

त्याच दुपारी त्याने मला मामाच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि चहालाही न थांबता परत गेला. मामाने दुसऱ्या दिवशी मला धुळ्याला आणून नानांपुढे उभं केलं. नानांनी हात उगारला. मी मागे सरकले नाही.

"मारा, पण आधी ऐका," मी म्हटलं. "आबा पाण्यावाचून नाही गेले. पाणी होतं. ते तुमच्या हातचं मागत होते."

नानांचा हात वरच राहिला. मी सगळं सांगितलं, काकाने सांगितलं तसं, त्याचं पारावर जाणंसुद्धा न लपवता. नाना खाटेवर बसले. म्हणाले, "काय म्हणत होते? पुन्हा सांग." मी सांगितलं. त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग म्हणाले, "धाकल्याचं पत्र आलं होतं. आबा आठवण काढतात, आखाजीला ये, म्हणून. मी रजा टाकली नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ." आणि नाना रडले, आईसमोर, मामासमोर, माझ्यासमोर. तीन वर्षं ते काकावर का एवढे धुमसत होते ते मला तेव्हा कळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण नानांना आपलं काय जळतंय तेच कळलं नव्हतं.

सकाळी आम्ही उठलो तर नाना पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेले. प्रत्येक पत्रिकेवर आपल्या नावाखाली पेनाने काकाचं नाव लिहीत होते. ताई शेजारी बसून एकेक पत्रिका वाळत ठेवत होती. पहिली पत्रिका घेऊन ते स्वतः दोंडाईचाला गेले. तिथे दोघांत काय बोलणं झालं ते कोणीच आम्हाला सांगितलं नाही.

काका-काकू आखाजीच्या सकाळी आले. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात. आबांची घागर दरवर्षी नाना भरायचे, मोठा मुलगा म्हणून. काका दाराशीच उभा राहिला, पाहुण्यासारखा. आईने पाट मांडला. नानांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच काकापुढे धरला.

"तू भर."

"नको दादा," काका म्हणाला. "माझ्या हातचं बापाने घेतलं नाही."

"आता घेईल," नाना म्हणाले. "मी आलोय, सांग त्याला."

काकाने तांब्या घेतला. ओतताना अर्धं पाणी नानांच्या पायावर सांडलं. नानांनी पाय मागे घेतला नाही.