मोहिते सरांचं ‘नक्की’

आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप वेळेवर विसळले जात नाहीत, पण मोहिते सरांचे किस्से मात्र रोज नव्यानं मांडले जातात. सर संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. मी गणित शिकवतो आणि माझं टेबल त्यांच्या समोर. विश्रामबागेतल्या या कॉलेजात आम्ही दोघं बरोबरच लागलो. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. नुसतं समोर बघायचं!

सगळ्या किश्शांचं मूळ एकच. सर ‘नक्की’ म्हणत नाहीत.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो आणि सवयीनं म्हणालो, “सर, नक्की यायचं.” सरांनी पत्रिका उलटसुलट वाचली आणि म्हणाले, “येण्याची शक्यता बरीच आहे.” माझी बायको आठवडाभर फुगून बसली होती. लग्नादिवशी हॉलचं कुलूप काढायला माणूस आला, तेव्हा सर आणि वहिनी दारात उभे! शेवटची पंगत उठेपर्यंत सर जिलबी वाढत होते. निघताना बायकोनं पुन्हा एकदा प्रयत्न केला, “आता बारशाला नक्की या.” सर म्हणाले, “बघू.” या वेळी ती हसली.

* * *

हा किस्सा खुद्द वहिनींनी सांगितलेला, म्हणून अस्सल.

सर मूळचे उंब्रजचे. मुलगी बघायला आईला घेऊन साताऱ्याला गेले. मुलगी म्हणजे आमच्या शालनवहिनी. त्या तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होत्या, विषय संख्याशास्त्रच. पोहे झाले, चहा झाला, मग वहिनींच्या वडिलांनी भीत भीत पसंती विचारली. सर म्हणाले, “एका भेटीवरून काही सांगणं बरोबर नाही. सॅम्पल फार लहान आहे.”

बैठकीत कुणाला काही समजेना. वडिलांना वाटलं, मुलाकडच्यांना आणखी काहीतरी हवंय. सरांच्या आईनं कपाळाला हात लावला. “आरं, पोरगी पसंत हाय का न्हाई, येवढंच सांग की रं!”

सर काय म्हणाले, ते त्या घरात एकीलाच कळलं होतं. स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ निरोप आला, “त्यांना आणखी दोनदा येऊ दे. पोहे मी करते.”

आणि सर खरंच आणखी दोनदा गेले! तिसऱ्या खेपेला आईनं त्यांना तोंडच उघडू दिलं नाही, सुपारी फोडून मोकळी झाली. वहिनींना पुढं एमएस्सी करायचं होतं. मग घर, मुलं, उंब्रजची शेती यात ते राहून गेलं. सरांना त्याचं फार वाईट वाटतं, हे ते स्वतःच सांगतात.

* * *

कवठे महांकाळचे एक बेदाणावाले, पवारअण्णा. व्यापाऱ्यानं त्यांचा एकच बॉक्स फोडला, त्यात काळपट मणी निघाले आणि त्यानं सगळ्या मालाचा भाव पाडला. अण्णांची मुलगी आमच्या कॉलेजात होती, तिनं सरांना फोन लावला. सर एसटीनं गेले. सगळ्या बॉक्सना नंबर घातले, चिठ्ठ्या केल्या आणि व्यापाऱ्यालाच म्हणाले, “तुमच्या हातानं उचला.”

त्यानं चिठ्ठ्या उचलल्या, निघालेले बॉक्स फोडले. माल सोन्यासारखा! व्यापाऱ्यानं गुपचूप भाव वाढवला. वर सरांना विचारलं, “आता माल नक्की चांगला आहे म्हणायचा ना?”

“नक्की नाही,” सर म्हणाले, “पण शंकेला जागा कमी उरली.”

अण्णांनी हात जोडले. “आवं सर, भाव ठरलाय न्हवं! आता तरी गप बसा की.”

* * *

यंदा मात्र चेष्टा संपली. मुलं एमएस्सीला येईनात. प्राचार्यांनी सांगून टाकलं, शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत दहा प्रवेश झाले नाहीत, तर वर्ग कायमचा बंद. सरांनी आयुष्य घातलेला वर्ग! तिकडं रस्त्यापलीकडं डेटा सायन्सचा एक क्लास निघालेला. आत शिकवायचे बरंचसं सरांचंच संख्याशास्त्र, पण बाहेर बोर्ड होता, ‘शंभर टक्के नोकरी’.

सर गावोगाव हिंडले. पालक विचारायचे, नोकरी नक्की लागेल ना? सर म्हणायचे, शक्यता चांगली आहे. पालक उठून जायचे. आम्ही हातापाया पडलो, एकदा म्हणून टाका हो! सर ऐकेनात. “मुलं माझ्यावर विश्वास ठेवून येणार,” ते म्हणाले, “त्यांना पहिल्याच दिवशी खोटं कसं सांगू?”

शेवटी धावून आले पवारअण्णा. मुलीला तर घेऊन आलेच, वर तालुक्यातले आणखी पालक जीप भरून आणले. त्यांना ऑफिससमोर उभं करून म्हणाले, “भाव वाढल्यावरबी जो माणूस नक्की म्हणाला न्हाई, त्यो तुमाला फसवायचा न्हाई. घाला पोरं बिनघोर!”

प्रवेश झाले नऊ.

* * *

शेवटचा दिवस. साडेचार वाजले. प्रवेशांचा आकडा नऊवरच अडकलेला. प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये आले आणि वर्ग बंदचं पत्र तयार ठेवलंय म्हणाले. मला सरांकडं बघवेना. प्राचार्यांनाही वाईट वाटत असावं, कारण त्यांनी हळूच विचारलं, “दहावा कुणी येण्यासारखा आहे का सर?”

सर चष्मा पुसत होते.

“येणार,” ते म्हणाले. “नक्की.”

माझा चहाचा कप हातातच राहिला. प्राचार्यही खुर्ची ओढून बसले.

पाचाला दहा कमी असताना आवारात स्कूटी थांबली आणि शालनवहिनी आत आल्या. हातात साताऱ्याची बीएस्सीची जुनी मार्कलिस्ट. प्रवेश परीक्षा त्यांनी पोरांच्या रांगेत बसून कधीच दिली होती. वर्ग भरलाच तर कुणा मुलाची जागा अडायला नको म्हणून त्या शेवटच्या दिवसाची वाट बघत होत्या. त्या सरळ प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाचच्या आत येते म्हणून मी यांना सांगितलं होतं. प्रवेश चालू आहे ना अजून?”

प्राचार्य खुर्चीतून उठून उभे राहिले. टाळ्या आधी कुणी वाजवल्या ते कळलं नाही, पण मी भरपूर वाजवल्या. गलका ओसरल्यावर प्राचार्यांनी सरांना गाठलं. “अहो सर, तुम्ही चक्क नक्की म्हणालात!”

सरांनी वहिनींकडं बघितलं. “हिच्या बाबतीत आता सॅम्पल पुरेसं मोठं आहे.”

वहिनी अर्जावर सही करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पहिल्याच भेटीत म्हणाला असतात, तर दोन वेळचे पोहे वाचले असते.”