यादीत नसलेला डबा

आमच्या खानदानात पदवी घेतलेला मी पहिला. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. वडील स्वारगेटच्या डेपोत गाड्या धुवायचे. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र त्यांनी विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत टांगलं आणि डेपोतल्या दोघांना मुद्दाम घरी आणून दाखवलं. तिघांनाही त्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ बघत उभे होते.

पदवीनंतर मी नेटवर्किंगचा कोर्स केला. तेव्हा शहरात रोज नवी कंपनी उघडत होती आणि प्रत्येकीला संगणक एकमेकांना जोडून देणारा माणूस हवा होता. केबलच्या आठ बारीक तारा रंगाप्रमाणे लावून टोकाला क्लिप दाबायची, हे काम मी बोलता बोलता करायचो. पुढे खराडीत मोठ्या ऑफिसात लागलो. सगळ्या मजल्यांवरच्या केबली जिथे येऊन मिळतात ते स्विच, म्हणजे आमच्या भाषेत डबे, मीच बसवले. कुठली केबल कुठे जाते ते माझ्या डोक्यात. साहेब म्हणायचे, "एकदा नीट कागदावर उतरवा हो." मी म्हणायचो, "उतरवतो." उतरवलं असतं तर मला कोणी विचारलं असतं का?

मग माझ्याच कामावर ती नवी आली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. डब्यांच्या सेटिंग बदलायच्या म्हणजे मी एकेका डब्यात शिरून एकेक ओळ टाइप करणार; चाळीस डब्यांना दोन शनिवार जायचे. तिने एक प्रोग्राम लिहिला. पहिल्या मजल्यावर चाचणी घेतली तेव्हा तो चालू करून ती चहा आणायला गेली, आणि येईपर्यंत मजला झालेला. मी पडद्याकडे बघत राहिलो. "बघा सर, किती सोपं आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, सोपंच असतं. आधी डबे कोणीतरी बसवलेले असले की."

हुशारी मी सोसली असती. मला खुपायचं दुसरंच. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर वडिलांशी बोलायची: "बाबा, तुम्ही म्हणालात तसं केलं, चाललं!" तिचे वडील इंजिनियर, आजोबा हेडमास्तर. अडलं की विचारायला तिच्या घरातच माणूस होता. माझे वडील फोनवर एकच विचारायचे, "जेवलास का?" तिचा हेवा वाटायचा, आणि वडिलांची ती विचारपूस मला कमी वाटायला लागली होती. त्याची लाज आजही वाटते.

त्याच सुमारास शेजारी कंपनीची दुसरी इमारत उभी राहत होती. तिथल्या नेटवर्कचा प्रमुख कोण, मी का ती, हे साहेब ठरवणार होते. खराडीचे सगळे डबे शनिवारी सकाळी एकदमच नव्या सेटिंगवर न्यायचे होते, आणि काम तिच्या प्रोग्रामने व्हायचं होतं. शुक्रवारी बैठकीत सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, "सर, या यादीबाहेर एखादा स्विच आहे का?"

होता. चौथ्या मजल्यावर एकदा अचानक वीस माणसं वाढली, तेव्हा मी फायलींच्या कपाटात एक जुना डबा तात्पुरता बसवला होता. तो तात्पुरता तिथेच राहिला. कुठल्याच यादीत नव्हता.

मी म्हटलं, "यादी तुमच्याकडे आहे ना? मग मला काय विचारता?"

दोघं-तिघं हसले. तीही हसली.

शनिवारी प्रोग्राम चालला आणि चौथ्या मजल्यावरची वीस माणसं खुर्च्या मागे सरकवून उभी राहिली. ग्राहकांचे फोन घेणारी माणसं ती. कपाटातला डबा जुन्याच सेटिंगवर राहिला होता, म्हणून त्यांचे पडदे गोठले होते. साहेब फोनवर कोणाची तरी माफी मागत होते. मी ठरवलं होतं ते असं: अर्धा तास जाऊ द्यायचा, मग उठायचं आणि दुरुस्त करून यायचं. त्यासाठी लागणारी केबल सकाळीच बॅगेत टाकून आणली होती.

पण ती थांबली नाही. टेबलाखाली ओणवी होऊन एक केबल हातात धरली आणि त्या केबलच्या मागोमाग निघाली. मी तिच्या मागे. केबल कपाटात शिरली. तिने दार उघडलं.

डब्यावर कुंकवाचं बोट होतं, फिकट झालेलं, आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या चिकटल्या होत्या. दर खंडेनवमीला ऑफिसातल्या सगळ्या डब्यांची पूजा मी करतो. तबक माझ्याशिवाय कोणाच्या हातात जात नाही. कपाटातल्यालाही मी कधी वगळलं नव्हतं; आपल्या हाताने बसवलेली वस्तू बिनकुंकवाची कशी ठेवायची?

तिने एक पाकळी उचलून बघितली. "पूजेच्या यादीत होता तर. माझ्याच यादीत नव्हता."

मी बॅगेतली केबल काढली, लॅपटॉप जोडला, सेटिंग बदलली. चार मिनिटं लागली. माणसं पुन्हा बसली.

साहेब आले. "कोणाचं चुकलं?"

ती म्हणाली, "यादी अपुरी होती, साहेब." एवढंच, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. साहेब माझ्याकडे वळले, "बरं झालं तुम्ही होतात." माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. यादी अपुरी का राहिली, ते सांगायला तोंड होतं, मन नव्हतं.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. फार चांगुलपणा नव्हता त्यात. ती कधी सांगेल या धास्तीने रविवार नासला होता. साहेब एवढंच म्हणाले, "मग नव्या इमारतीला त्यांनाच नेऊ. दोन्ही इमारती जोडायच्या आहेत, तुम्ही त्यांना इथलं सगळं दाखवा."

दोन दिवस मी तिला मजल्या-मजल्यावर फिरवलं. कुठली केबल छतातून वळते, कुठला डबा गरम होतो, सगळं सांगितलं. ती लिहून घेत होती. मधेच म्हणाली, "हे सगळं तुमच्या लक्षात होतं? मला जमलं नसतं हो." मनापासून म्हणाली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वही मिटली, आभार मानले आणि लिफ्टकडे गेली. मी जिन्याने खाली आलो. आता मला विचारायला कोणी येणार नव्हतं.

तिचा प्रोग्राम मी नंतर शिकलो. ठीकठाक येतो. तिच्याइतका नाही.